शब्दांकनाची नीती : सांगितलेले आयुष्य आणि ऐकणाऱ्याची जबाबदारी

१

मराठीतील काही आत्मकथनांच्या आतल्या पानावर 'शब्दांकन' असा एक शब्द आणि त्यापुढे एक नाव छापलेले असते. आत्मकथनांची चर्चा करणारी समीक्षा ह्या नावापाशी क्वचितच थांबते. शांताबाई दाणी यांचे 'रात्रंदिन आम्हा' १९९० साली प्रसिद्ध झाले, त्याचे शब्दांकन भावना भार्गवे यांचे आहे. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' आधी 'माणूस'मधून आणि नंतर १९७० साली पुस्तकरूपाने आले. हंसाबाईंनी ते अरुण साधू यांना सांगितले होते. अशा पुस्तकांत 'मी' म्हणणारी व्यक्ती एक असते आणि वाक्य जुळवणारी दुसरी. 'शब्दांकन' ह्या संज्ञेतून मात्र असे सुचवले जाते की शब्द आधीच सिद्ध होते आणि लिहिणाऱ्याने त्यांचे केवळ अंकन केले. बोलण्यातून लेखनात येताना काय गळले, कोणत्या क्रमाने मांडले गेले, कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादा प्रसंग आठवला, हे सारे त्या एका शब्दाआड जाते.

ह्याच्या उलट टोकाला 'बलुतं' आहे. दया पवार यांच्या ह्या १९७८ सालच्या पुस्तकात सांगणारा आणि ऐकणारा वेगळे नाहीत. तरीही लेखकाला ते वेगळे करावे लागले. शिकलेला, शहरात स्थिरावलेला दया पवार दगडू मारुती पवारला भेटतो आणि दगडू आपली कहाणी सांगू लागतो. ही योजना केवळ निवेदनतंत्राची सोय म्हणून वाचली, तर तिच्यातील नैतिक कबुली हातची निसटते. आपलेच आयुष्य ऐकून लिहिणाऱ्यालाही आपण त्या आयुष्याचे निर्वेध मालक नाही, आपल्या हाती आलेल्या प्रमाणभाषेने आणि प्रतिष्ठेने आपण त्यापासून काही अंतरावर गेलो आहोत, हे येथे मान्य केलेले आहे. एकाच देहातल्या दोघांमध्ये जर हे अंतर असेल, तर जात, वर्ग, शिक्षण आणि भाषा ह्यांनी एकमेकांपासून दूर असलेल्या दोन माणसांमध्ये ते किती असेल, असा प्रश्न उभा राहतो.

दलित आत्मकथनांच्या आणि स्त्रियांच्या आत्मचरित्रांच्या निमित्ताने मराठी समीक्षेने प्रामाणिकपणा, वास्तवता आणि प्रातिनिधिकता ह्या निकषांची बरीच चर्चा केली. हे तिन्ही निकष सांगणाऱ्याला लावलेले आहेत. तो खरे बोलतो का, वाढवून सांगतो का, आपल्या समाजाच्या वतीने बोलतो का, अशी त्याची उलटतपासणी होते. ऐकणाऱ्याला असा एकही निकष लागू केला जात नाही. सांगितलेल्या आयुष्याच्या बाबतीत नैतिक भार प्रामुख्याने ऐकणाऱ्यावर असतो, आणि तो भार स्वतःला पुसून टाकल्याने कमी होत नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

मुलाखतींमधून माणसांची आयुष्ये नोंदवणे हे मानवशास्त्राने आपले एक साधन म्हणून घडवले. पॉल रॅडिन यांनी विनेबागो जमातीतील एका माणसाचे आत्मकथन 'क्रॅशिंग थंडर' ह्या नावाने १९२६ साली ग्रंथरूपात आणले, तेव्हा त्या जमातीची संस्कृती एका माणसाच्या तोंडून कळावी हा हेतू होता. ऑस्कर लुईस यांच्या 'द चिल्ड्रेन ऑफ सांचेझ' (१९६१) ह्या ग्रंथाने ह्या साधनाला साहित्यकृतीचे रूप दिले. मेक्सिको शहरातील एका चाळवजा वस्तीत राहणारा बाप आणि त्याची चार मुले आळीपाळीने बोलतात, आणि एकच कौटुंबिक भूतकाळ पाच अंगांनी उलगडतो. टेपरेकॉर्डरमुळे हे शक्य झाले, असे लुईस यांनी आवर्जून नोंदवले आहे. कादंबरीच्या वाचकाला हा ग्रंथ सहज जवळचा वाटतो.

हा जवळपणा एका संपादकीय कृतीतून आलेला आहे. लुईस यांनी आपले प्रश्न संहितेतून काढून टाकले आणि उत्तरे सलग लावली. त्यामुळे ही माणसे आपणहून, एकांतात, वाचकाशी बोलत आहेत असा आभास निर्माण झाला. ग्रंथाचा स्पॅनिश अनुवाद १९६४ साली निघाल्यावर त्याविरुद्ध मेक्सिकोत फिर्याद दाखल झाली. ग्रंथ अश्लील आहे आणि देशाची बदनामी करतो, असे आरोप होते. फिर्याद टिकली नाही. परंतु प्रकाशनसंस्थेच्या संचालकाला पद सोडावे लागले. ह्या वादात राष्ट्राची अब्रू, लेखनाचे स्वातंत्र्य आणि शास्त्राचा अधिकार ह्यांवर पुष्कळ बोलले गेले. ज्यांचे आयुष्य छापले गेले होते त्यांची बाजू मात्र कोणत्याच पक्षाच्या केंद्रस्थानी नव्हती. टोपणनाव देऊन त्यांना संरक्षण मिळाले होते. त्याच टोपणनावामुळे त्यांना ह्या वादात पक्षकार म्हणून उभे राहण्याची जागाही उरली नव्हती.

पुढच्या पिढीतील मानवशास्त्रज्ञांनी प्रश्नांची ही पुसट पावले पुन्हा उमटवण्याचा प्रयत्न केला. व्हिन्सेंट क्रापान्झानो यांनी 'तुहामी' (१९८०) ह्या ग्रंथात मोरोक्कोतील एका कौले घडवणाऱ्या माणसाचे कथन मांडताना, ते दोघांनी मिळून घडवलेले आहे हे लपवले नाही. मार्जोरी शोस्टॅक यांनी 'निसा' (१९८१) मध्ये कलाहारी वाळवंटातील स्त्रीच्या कथनाशेजारी स्वतःचा आवाज वेगळा ठेवला. हे बदल पद्धतीचे म्हणून सांगितले जातात. त्यांच्या मुळाशी असलेला विचार नीतीचा आहे. प्रश्न दिसत असेल तरच उत्तर कशाला दिलेले आहे हे कळते, आणि उत्तर देणाऱ्याने काय टाळले तेही कळू शकते.

मराठीत ह्या शास्त्राची पायाभरणी करणाऱ्या इरावती कर्वे यांच्या लेखनात ही दुविधा निराळ्या रीतीने दिसते. शास्त्रज्ञ म्हणून त्यांनी शरीरमापने घेतली, वंशावळी टिपल्या, नातेसंबंधांची रचना अभ्यासली. त्या नोंदींमध्ये माणसे आकड्यांच्या आणि आप्तसंज्ञांच्या रूपाने येतात. आयुष्ये येतात ती त्यांच्या ललित लेखांत, आणि तेथे पाहणारी बाई स्वतः उपस्थित असते. पंढरीच्या वारीवरील लेखात दिंडीतल्या बायका जातवार वेगळ्या जेवतात हे त्या पाहतात, आणि ते पाहताना होणारी स्वतःची अस्वस्थताही लिहितात. शास्त्रीय ग्रंथाने जे दडवावयाचे ते ललित लेखाने उघड करावयाचे, अशी ही वाटणी आहे. ज्याला आयुष्ये नोंदवावयाची आहेत त्याला ही वाटणी परवडत नाही. त्याला दोन्ही कामे एकाच पानावर करावी लागतात.

३

मुंबईत हा प्रश्न विद्यापीठीय मानवशास्त्राच्या बाहेर, स्त्रियांच्या चळवळीतून अधिक ठळकपणे पुढे आला. आणि त्याचे काही महत्त्वाचे पत्ते उपनगरांतले आहेत. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे केले. पुढे जुहूच्या परिसरातून चाललेल्या ह्या केंद्राच्या कामात मैत्रेयी कृष्णराज यांचाही मोठा वाटा होता. ह्या दोघी आणि सी. एस. लक्ष्मी यांनी १९८८ साली 'स्पॅरो' हा विश्वस्त न्यास स्थापन केला. 'साउंड अँड पिक्चर आर्काइव्ह्ज फॉर रिसर्च ऑन विमेन' असे त्याचे पूर्ण नाव. आज त्याचे संग्रहालय दहिसर पूर्वेला आहे. स्त्रियांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, छायाचित्रे, चित्रफिती, भित्तिपत्रके हे त्याचे भांडार आहे.

ह्या संस्थेच्या नावातच ध्वनी आणि चित्र आहे, हा तपशील दुय्यम नाही. छापील शब्दांकनात प्रश्न काढता येतो. ध्वनिफितीत तो ऐकू येतो. उत्तरापूर्वीचा थांबा, मध्येच बदललेली भाषा, घरातल्या कुणाची चाहूल लागताच खाली आलेला आवाज, हे सारे फितीवर राहते आणि कागदावरून नाहीसे होते. सी. एस. लक्ष्मी ह्या 'अंबै' ह्या नावाने तमिळ कथा लिहितात आणि २०२१ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. कल्पित माणसांना आवाज देणारी ही लेखिका खऱ्या माणसांच्या आवाजाजवळ गेली, तेव्हा तिने नाव वेगळे ठेवले. गायिका-वादकांवरील आणि नर्तिकांवरील त्यांच्या दोन ग्रंथांच्या (२००० आणि २००३) उपशीर्षकांतच 'संभाषणे' हा शब्द आहे. संभाषणाला दुसरी बाजू असते, आणि ती मान्य केल्याखेरीज तो शब्द वापरता येत नाही.

ह्याच सुमारास, १९८९ साली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचा 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ 'स्त्री उवाच'तर्फे प्रसिद्ध झाला. आंबेडकरी चळवळीत भाग घेतलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन तो सिद्ध झालेला आहे. महाडचा १९२७ सालचा सत्याग्रह, नागपूरची १९४२ सालची महिला परिषद, १९५६ सालचे धर्मांतर ह्या घटनांच्या लिखित इतिहासात ह्या स्त्रिया समुदाय म्हणून होत्या. नावाने फार थोड्या होत्या. येथे मानवशास्त्राचा एक रूढ नीतिनियम उलटा होतो. ज्याची मुलाखत घ्यावयाची त्याचे नाव झाकावे, म्हणजे त्याला इजा होणार नाही, असा तो नियम आहे. परंतु ज्यांना इतिहासाने आधीच निनावी केले, त्यांचे नाव पुन्हा झाकणे ही दुसरी इजा ठरते. शीर्षकातील 'आम्हीही' हे पद नावाची मागणी करते. टोपणनाव द्यावे की खरे नाव, हे म्हणून संशोधकाच्या सावधगिरीवर ठरत नाही. सांगणाऱ्याला आपल्या कथनातून काय परत मिळवावयाचे आहे त्यावर ठरते.

ऊर्मिला पवार यांच्या बाबतीत आणखी एक क्रम लक्षणीय आहे. त्यांनी आधी इतरांची आयुष्ये ऐकली. 'आयदान' हे त्यांचे स्वतःचे आत्मकथन त्यानंतर, २००३ साली आले. जिने प्रश्न विचारले तिने पुढे स्वतःला उत्तरे देण्याच्या जागी बसवले. प्रत्येक मुलाखतकाराने आत्मकथन लिहावे असा ह्याचा अर्थ नाही. मात्र जो प्रश्न स्वतःला विचारून घेण्याची तयारी नाही तो दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार कशावरून येतो, हे ह्या क्रमामुळे विचारता येते.

४

सांगितलेल्या आयुष्यावर घेतला जाणारा सर्वांत जुना आक्षेप स्मृतीच्या अविश्वासार्हतेचा आहे. आलेसांद्रो पोर्तेल्ली यांनी त्याला दिलेले उत्तर मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. इटलीतील तेर्नी ह्या पोलाद कारखान्यांच्या गावी लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनाचा तो प्रसंग होता. अनेक कामगारांनी मात्र तो मृत्यू १९५३ सालच्या, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यातला म्हणून सांगितला. पोर्तेल्ली ही चूक दुरुस्त करतात. परंतु ती टाकून देत नाहीत. कामगारांना तो मृत्यू कोणत्या लढ्याशी जोडावासा वाटला, हे त्या चुकीतूनच कळते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 'शंभर वर्षे, शंभर आवाज' अशा अर्थाच्या शीर्षकाने २००४ साली गिरणगावचा मौखिक इतिहास इंग्रजीत सिद्ध केला. १९८२ च्या संपानंतर विखुरलेल्या एका जगाचा हा दस्तऐवज ह्याच दृष्टीने वाचावा लागतो. तेथे साल आणि आकडे तपासता येतात. पराभवाचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र ज्यांनी तो सोसला त्यांच्याकडून काढून घेता येत नाही.

स्मृतीपेक्षा अवघड अडचण प्रकाराची आहे. 'तुमचे आयुष्य सांगा' ह्या मागणीत आयुष्य ही एकट्या माणसाची, जन्मापासून क्रमाने चालत आलेली, अर्थपूर्ण वस्तू आहे असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत आधुनिक आत्मचरित्राचे आहे. ते सार्वत्रिक नाही. बेबीताई कांबळे यांच्या पुस्तकाचे नाव 'जिणं आमुचं' असे आहे, आणि ते अनेकवचन वस्तीला आणि समाजाला आपल्यात घेते. ह्या पुस्तकाच्या प्रकाशनाची हकिगतही बोलकी आहे. बेबीताईंनी ते घरच्यांपासून लपवून लिहिले आणि वर्षानुवर्षे बाजूला ठेवले. फलटणला राहून काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन ह्या अभ्यासिकेला त्या लिहितात हे कळले आणि तिच्या प्रोत्साहनाने ते आधी 'स्त्री' मासिकातून व १९८६ साली पुस्तकरूपाने बाहेर आले. अभ्यासकाने येथे मुलाखत घेतली नाही, शब्दांकन केले नाही. लिहिलेले होते त्याला वाट करून दिली. ऐकणाऱ्याचे सर्वांत मोठे काम कधीकधी न विचारण्यातही असते.

विचारण्याच्या रीतीत मराठी समाजाची एक खास गुंतागुंत आहे. मुलाखत घेणारी मुलगी वस्तीतल्या बाईला 'मावशी' म्हणते, वयस्क कार्यकर्तीला 'ताई' म्हणते. ह्या संबोधनांशिवाय बोलणे सुरूच होत नाही. 'माहितीदाता' हा शब्द समोरासमोर कुणी उच्चारीत नाही. परंतु आप्तसंज्ञा ही केवळ सभ्यतेची रीत नसते, तिच्यामागे देणेघेणे असते. मावशी म्हटल्यावर चहा घ्यावा लागतो, घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी लागते, मुलाच्या नोकरीसाठी चार शब्द टाकण्याची विनंती ऐकावी लागते. नात्याच्या विश्वासावर सांगितलेली गोष्ट प्रबंधात 'निवेदक क्रमांक सात' ह्या शीर्षकाखाली जाते आणि नाते तेथेच संपते. संमतिपत्रावर सही असते. पण सही संशोधकाला दिलेली असते आणि गोष्ट भाचीला सांगितलेली असते. ह्या दोहोंतले अंतर कोणत्याही नमुना-पत्राने भरून निघत नाही.

५

मग हे सांगितलेले आयुष्य कोणाचे? सांगणाऱ्याचे म्हणावे, तर ते ऐकणाऱ्याच्या प्रश्नांवाचून ह्या रूपात आलेच नसते. ऐकणाऱ्याचे म्हणावे, तर तो उघड अपहार होईल. मालकीच्या परिभाषेत ह्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. मराठीत त्यासाठी अधिक उपयोगी शब्द 'ठेव' हा आहे. ठेव ज्याच्याकडे असते त्याची ती नसते; ज्याची असते त्याच्या हातात ती नसते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ठेवीचा एक प्रकार सांगितला आहे तो बंद पेटीतून, आत काय आहे ते न सांगता, दुसऱ्याच्या हाती दिलेल्या द्रव्याचा. ते होते तसेच परत करावयाचे असते, आणि जो त्यावर आपल्या मर्जीने उपजीविका करील त्याला दंड करून वाढीसह ते परत करावयास लावावे, असे तेथे म्हटले आहे. ज्या स्मृतिपरंपरेने ह्या ग्रंथांतील बहुतेक सांगणाऱ्यांना धन राखण्याचाही अधिकार नाकारला, जिच्यातील एका ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तिच्यातून हा दृष्टान्त उचलताना संकोच वाटणे योग्यच आहे. तरीही तो मुद्द्यावर नेमका बोट ठेवतो. सांगितलेले आयुष्य ही बंद पेटीतली ठेव आहे. आत काय आहे ते सांगणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. सांगता सांगता ते त्यालाही कळत जाते. आणि ह्या ठेवीवर पदव्या, बढत्या, ग्रंथ आणि शिष्यवृत्त्या ह्यांच्या रूपाने उपजीविका करणारा वर्ग कोणता, हे वेगळे सांगावयास नको.

ठेव परत मागता येते. केरळातील नलिनी जमीला यांनी ते करून दाखवले. लैंगिक श्रम करणाऱ्या ह्या स्त्रीचे मल्याळम आत्मकथन २००५ साली एका कार्यकर्त्याच्या साहाय्याने सिद्ध होऊन प्रसिद्ध झाले आणि गाजले. ते आपल्याला हवे तसे उतरलेले नाही, असे म्हणून त्यांनी त्याच वर्षी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. साहित्यव्यवहारात लेखकाने आवृत्ती सुधारणे ही नित्याची गोष्ट आहे. ज्याचे 'शब्दांकन' झाले त्याने ती सुधारावी, ह्याचे मात्र आश्चर्य वाटते. हे आश्चर्यच आपण अशा व्यक्तीला लेखक मानीत नव्हतो ह्याची साक्ष देते.

ह्या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. ठेव जशीच्या तशी बंद ठेवावयाची, तर ज्ञान कसे होणार? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांची कहाणी पेटीत राहिली तर तो अन्यायाचाच विजय नव्हे काय? आक्षेप खरा आहे, आणि तो दृष्टान्ताची मर्यादा दाखवतो. सोन्याची ठेव राखण्यासाठी दिली जाते. गोष्ट बहुधा पुढे जावी म्हणून सांगितली जाते. हंसा वाडकरांच्या पुस्तकाच्या शीर्षकातच ऐकण्याची आज्ञा आहे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांची कथने गुप्त राहिली असती तर इतिहास पुरुषांचाच राहिला असता. तेव्हा ठेवीचा नियम उघड करण्याला आडवा येत नाही. उघड केल्यानंतरही देणे फिटत नाही, एवढेच तो सांगतो. छापून झाल्यावरही सांगणाऱ्याचा परत मागण्याचा, दुरुस्त करण्याचा, एखादा प्रसंग काढून टाकण्याचा हक्क शिल्लक राहतो. वाढीसह परत करणे म्हणजे काय, ह्याचे उत्तरही येथेच आहे. कथन ज्या भाषेत सांगितले गेले त्या भाषेत, ज्या वस्तीत सांगितले गेले त्या वस्तीत, ऐकू येईल अशा रूपात ते परत पोचले पाहिजे. इंग्रजी नियतकालिकातील निबंधाने हे देणे फिटत नाही.

ह्या दृष्टीने दहिसरच्या संग्रहालयासारख्या ठिकाणाला ग्रंथापेक्षा वेगळे महत्त्व आहे. ग्रंथ निवड करतो आणि मिटतो. संग्रहात जे निवडले गेले नाही तेही राहते, आणि उद्याचा वाचक शब्दांकन मूळ आवाजाशी ताडून पाहू शकतो. मात्र संग्रहही परीक्षेपासून मुक्त नाही. आवाज एकदा संगणकावर गेला की तो कुठेही पोचतो, आणि सांगणारी व्यक्ती हयात नसताना तिच्या वतीने नकार कोणी द्यावयाचा हा प्रश्न उरतो. नातवंडांना आजीच्या कथनावर हक्क आहे काय? असल्यास, तिने घरच्यांनाच चोरून जे सांगितले त्यावरही तो आहे काय? ह्या प्रश्नांना सरसकट उत्तर नाही. प्रत्येक फितीपाशी ते नव्याने सोडवावे लागतात.

मराठी समीक्षेपुरते बोलावयाचे तर एक लहानशी सुधारणा आजही शक्य आहे. सांगितलेल्या आयुष्याचे परीक्षण करताना सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणाआधी शब्दांकन करणाऱ्याला प्रश्न विचारावेत. त्याने काय विचारले, कोणत्या भाषेत विचारले, काय गाळले, कोणाच्या संमतीने गाळले, आणि पुस्तक निघाल्यावर तो पुन्हा त्या घरी गेला काय? ही चौकशी साहित्यबाह्य आहे असे कुणी म्हणेल. परंतु ज्या संहितेतील 'मी' दोघांनी मिळून उभा केलेला आहे, तिचे आकलन त्या दोघांपैकी एकाकडे पाहून होत नाही. 'शब्दांकन' ह्या शब्दापुढील नाव लहान अक्षरांत छापलेले असले तरी उत्तर प्रथम त्यानेच द्यावयाचे आहे.